कान्हेरीचा चढ आणि बाईचा दम



रमाई जयंतीच्या आठवड्यातल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या आम्ही अकरा जणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून सायकल चालवत कान्हेरी लेण्यांपर्यंत पोहोचलो. अकराच्या अकरा. फोटो मोबाइलवर फिरले, विहारात कौतुक झालं, "चाळिशीच्या बायांनी डोंगर सर केला" असे निरोप आले. कौतुक गोड लागलं, खोटं कशाला बोला. पण त्या फोटोंच्या मागे ऑक्टोबरमधली एक फसलेली सकाळ आहे. तिचा फोटो कोणी काढला नाही. आरोग्याच्या या पानावर आम्हाला त्या सकाळीबद्दल लिहायचं आहे, कारण त्या सकाळी चूक आमची होती.

सायकलीचं खूळ वर्षभरापूर्वी सुरू झालं. आमच्यातल्या निम्म्या जणींना बीपी, तिघींना साखर, आणि गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात. दवाखान्यात सांगतात, व्यायाम करा. कुठे करायचा? वस्तीतल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागतं. मग रात्री नऊनंतर, भांडी आटोपून, विहारामागच्या मैदानात पोरांच्या सायकली घेऊन शिकायला लागलो. पोरं हसली. सासवा म्हणाल्या, "पाय मोडून घेशील, मग कोण करणार?" एका भाऊंनी तर मोठ्याने विचारलं, "पोटाला नाही तिथे हे श्रीमंतांचे चोचले कशाला?" त्या प्रश्नाचं उत्तर पुढे देऊ. चार महिन्यांत अकरा जणी शिकल्या. दोन गिअरच्या सायकली ओळखीतून मिळाल्या, बाकीच्या भाड्याने घेतल्या, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या एका रविवारी कान्हेरीला जायचं ठरलं.

फाटकापासून लेण्यांपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. सुरुवातीला सावलीतला, सरळ, मधूनमधून हलका चढ-उतार. गप्पा मारत जाता येतं. शेवटचा टप्पा मात्र उभा आहे. वळणं घेत रस्ता वर जातो आणि पाहता पाहता गप्पा बंद होतात, फक्त श्वासाचा आणि चेनचा आवाज येतो.

त्या टप्प्यावर आमच्यातली एक वहिनी थांबली. वय सदतीस, चार घरची धुणीभांडी करते, बोलायला मोठी गोड. हँडल धरून उभी राहिली, तोंड उघडं, ओठ पांढरे. आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या. "चल गं वहिनी, जय भीम म्हण आणि मार पेडल! भीमाच्या लेकी थांबत नसतात!" ती बिचारी लाजली, पुन्हा बसली, दहा-पंधरा पेडल मारले, आणि रस्त्याच्या कडेला सायकलीसकट खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, हात गार. पाणी पाजलं, पाय उंच करून झोपवलं, अर्ध्या तासाने ती सावरली. म्हणाली, "माफ करा हं, माझ्यामुळे सगळ्यांचं राहिलं. मीच आळशी आहे, सवय नाही ना." आम्ही सगळ्या परत फिरलो.

आमच्यात दोघी नर्सिंग शिकलेल्या आहोत. वर्षानुवर्षं वॉर्डात काढली आहेत. समोरच्या बाईची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा, हे आमच्या बोटांना पाठ आहे. त्या दिवशी आम्ही पापणी पाहिली नाही. घोषणा दिल्या.

दोन दिवसांनी पालिकेच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.4. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 च्या वर हवं, आणि 8 च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. म्हणजे ती बाई जवळजवळ निम्म्या रक्तावर डोंगर चढत होती, आणि आम्ही तिला जिद्द शिकवत होतो.

चढ काय दाखवतो

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असलं की हृदय जोरात आणि जास्त वेळा धडधडून ती तूट भरून काढतं. सपाट रस्त्यावर हे निभावतं. चढावर मांड्यांना प्राणवायू दुप्पट-तिप्पट लागतो, हृदय आधीच पळत असतं, त्याला आणखी पळता येत नाही. मग दम लागतो, अंधारी येते.

यासाठी कान्हेरीलाच जायला हवं असं नाही. आपल्या बायका रोज चढ चढतात. डोंगरउतारावरच्या वस्तीत खालच्या नळावरून हंडा घेऊन वर येणं हा चढच आहे. एसआरएच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावर सामान नेणं हा चढच आहे. मधल्या जिन्यावर बाई कठड्याला टेकून उभी राहते, तेव्हा घरचे काय म्हणतात? "वय झालं." "अंग वाढलंय." "आळशी झालीस." आणि बाई स्वतःही तेच म्हणते. आमच्या वहिनीनेही तेच म्हटलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019–21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्यापेक्षा जास्त. एवढ्या बायका एकदम आळशी कशा होतील?

वहिनीला नीट विचारलं तेव्हा कळलं, आठ महिने पाळी सात-आठ दिवस चालत होती, घड्या घालून घालून कापड पुरत नव्हतं. कोणाला सांगितलं नव्हतं. थकवा फार झाला की गल्लीतल्या एका दवाखान्यात जाऊन "ताकदीचं सलाईन" लावून घ्यायची, दर खेपेला चारशे रुपये. भगिनींनो, त्या बाटलीत बहुतेक वेळा मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी असतं, त्यात एखादं पिवळं व्हिटॅमिन. त्याने दोन तास बरं वाटतं. रक्त वाढत नाही. रक्त वाढवणारी लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठ निघाली. सुदैवाने लहान. पाळीचा रक्तस्राव कमी करणारी औषधं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जंताचं औषधही दिलं. जानेवारीच्या शेवटी हिमोग्लोबिन 10.8 झालं. डॉक्टरांनी सावकाश सायकल चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हाच आम्ही तारीख ठरवली.

आपण जिद्दीचं कौतुक फार करतो

आता मुख्य मुद्द्यावर येतो. काहींना तो टोचेल.

आपली चळवळ कष्टांतून उभी राहिली. आपल्याला झिजणाऱ्या माणसाचं कौतुक आहे, आणि झिजणाऱ्या बाईचं जरा जास्तच. जयंतीच्या स्टेजवर आपण रमाईच्या त्यागाबद्दल बोलतो. बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा माऊलीने शेण्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले. आयुष्यात चार लेकरं गमावली. डोळ्यांत पाणी येतं, यायलाच हवं. पण पुढचं वाक्य आपण घाईने उरकतो. रमाई दीर्घ आजाराने 27 मे 1935 रोजी गेल्या. त्यांचा जन्म 1898 चा. म्हणजे गेल्या तेव्हा वय सदतीस. आमच्या वहिनीचं वयही सदतीसच. हा हिशेब आमच्या लक्षात आला आणि त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

रमाईचं झिजणं ही त्यांनी निवडलेली गोष्ट नव्हती. ती गरिबीने आणि जातीने लादलेली होती. ज्या समाजाने ते लादलं त्याच्यावर राग धरायचा, की त्या झिजण्यालाच आदर्श मानून आपल्या लेकी-सुनांपुढे ठेवायचं? आमचं स्पष्ट मत आहे: रमाईबद्दलचं प्रेम दाखवायचं असेल तर आपल्या घरातली कोणतीही बाई सदतिसाव्या वर्षी रक्ताअभावी खचणार नाही हे पाहा. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत हजारो बायकांसमोर बाबासाहेब बोलले, तेव्हा त्यांनी बायकांना मूकपणे सोसायला सांगितलं नाही. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, असं सांगितलं. बरोबरीने उभं राहायला अंगात रक्त लागतं.

आणि तथागतांची शिकवण तर या बाबतीत अगदी उघड आहे. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. तो चंक्रमण करताना इतका अट्टाहास करायचा की पाय फुटून वाट रक्ताने भरली. बुद्धांनी त्याला "शाब्बास, आणखी कर" म्हटलं नाही. तू घरी असताना वीणा वाजवायचास ना, असं विचारलं. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? आम्ही त्या सकाळी वहिनीची तार ताणत होतो, तीही बुद्धाच्या लेण्याच्या वाटेवर.

मग चढ चढायचाच कशाला?

आता भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर. पोटाला नाही तिथे सायकल कशाला?

बायका कष्ट करतात तोच व्यायाम, असं पुष्कळजण म्हणतात. तसं नाही. वाकून लादी पुसणं, उभ्याने पोळ्या लाटणं, एका हाताने बादली उचलणं यात ठरावीक सांधे झिजतात, कंबर आणि गुडघे जातात. हृदयाला आणि फुप्फुसांना लागणारी सलग, लयीतली हालचाल त्यात नसते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सायकलीवर अंगाचा भार सीटवर असतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनाही ते जमतं. बीपी आणि साखर आवाक्यात राहायला मदत होते. औषध बंद करून नव्हे, औषधाच्या जोडीने.

आणि आणखी एक कारण आहे, ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही. आमच्यातल्या एका मावशींनी पंचवीस वर्षांत कामाशिवाय घराबाहेर सकाळ घालवली नव्हती. एक तरी तास स्वतःच्या अंगासाठी काढणं हा चोचला नाही, भाऊ. तो हक्क आहे.

पण क्रम महत्त्वाचा. आधी रक्त, मग चढ. दुखण्यावर व्यायामाचा हातोडा मारू नका.

पहिल्यांदा चढाला जाणार असाल तर

निघण्याआधी महिनाभर हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर तपासून घ्या. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, गाठी पडत असतील, तर लाज सोडून डॉक्टरांना सांगा. विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. घरात कोणाला वारंवार हातपाय दुखणं, कावीळ, सतत रक्त कमी असं असेल तर सिकलसेलची तपासणी जरूर करा. ती सरकारी रुग्णालयात होते. असा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमवणारा चढ चढू नये आणि लोहाच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहा लोह अडवतो. आधी-नंतर किमान तासभर अंतर ठेवा. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते. शौच काळं होतं, घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. आणि जेवणात कलेजी, वजडी, रक्ती, सुकट, अंडी, हरभरे, पालेभाज्या. हे आपलं स्वस्त, जुनं खाणं. त्याची लाज वाटायला लावली गेली, म्हणून आपण ते सोडू नये. फक्त एक करा: कलेजी पोरांच्या आणि घरधन्याच्या ताटात आणि बाईच्या वाटीत नुसता रस्सा, ही वाटणी बंद करा.

सायकलीची सीट इतकी उंच ठेवा की पेडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील. सीट खाली असली की गुडघे दुखतात. गिअरची सायकल असेल तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका: पुढचं चक्र लहान, मागचं मोठं. चढाच्या मध्यावर जोर लावत गिअर बदलला तर चेन उतरते. पाय भरभर फिरले तरी चालतील, जोर कमी लागला पाहिजे. बसूनच चालवा. शेजारणीशी एखादं वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलता येईना तर उतरा आणि सायकल हाताने ढकलत चाला. ढकलत नेलेला चढही चढच असतो.

उपाशी निघू नका. भाकरी, केळं, शेंगदाण्याची चिक्की जवळ असू द्या. पाणी घोट घोट प्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम फुटून हात थरथरले तर लगेच खावी. डोक्यावर हेल्मेट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, सलवारीची बाही पायाला रबराने आवळलेली. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, नुसता पुढचा एकदम दाबू नका. आणि छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, गार घाम आला तर तिथेच थांबा आणि 108 ला फोन करा. तिथे जिद्द दाखवायची नाही.

दुसरी सकाळ

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी हवेत गारवा होता. या वेळी नियम एकच होता: सगळ्यात पुढे वहिनी, आणि तिला कोणी ओलांडायचं नाही. तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत.

शेवटच्या टप्प्यावर ती तीनदा उतरली. आम्हीही तीनदा उतरलो. दुसऱ्या थांब्याला आम्ही तिची पापणी पाहिली, नाडी मोजली, ती वैतागून म्हणाली, "बाई गं, दवाखाना घेऊन आलात का सोबत?" ज्या वळणावर ती ऑक्टोबरमध्ये खाली बसली होती तिथे तिने मान वळवून कडेची जागा पाहिली आणि काही न बोलता पुढे गेली. वर पोहोचलो तेव्हा फाटकापासून दीड तास झाला होता. सराव असलेली पोरं अर्ध्या तासात येतात. आम्हाला त्याचं काही नाही.

सायकली खाली लावून पायऱ्या चढलो. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात त्रिशरण-पंचशील घेतलं. मग लेण्यांमधून हिंडताना कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या. तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलं आहे. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, भिक्खुणींनी, घरच्या बायकांनीही तिथे दान दिल्याचं कोरलेलं आहे. डोंगर चढून येणाऱ्याला तहान लागणार, हे दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी आधीच मनात धरलं होतं. चढून या, पण तहानेने मरू नका, अशी ती व्यवस्था. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना 1927 ला महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकी त्या टाक्यांच्या काठावर बसून चिक्की खात होत्या.

आपल्या वस्तीतही अशी व्यवस्था हवी, आणि ती आपण मागायला हवी. पालिकेचे दवाखाने धुणीभांडीवाल्या बायकांना जमेल अशा वेळी, संध्याकाळी उशिरापर्यंत सगळीकडे उघडे राहावेत. प्रत्येक विहाराने बुद्ध पौर्णिमेला खीरदानाबरोबर हिमोग्लोबिन तपासणीचा एक टेबल लावावा. दवाखान्याला पत्र दिलं तर आरोग्यसेविका येतात, हा आमचा अनुभव आहे. महिला मंडळाने दोन-चार सायकली सामायिक ठेवाव्यात. आणि घरातल्या भावांनी रविवारची सकाळची भांडी घासावीत. त्या दिवशी आमच्या अकरा घरांपैकी सात घरांत भांडी घासलेली होती. चार घरांत आम्ही परतल्यावर घासली. म्हणजे अजून काम बाकी आहे.

उतरताना वहिनीला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "वर येताना दम लागला. पण या वेळी बसल्यावर लगेच परत आला." आपल्या प्रत्येक माता-भगिनीचा दम असा परत यायला हवा. आज घरी जिन्यात कोणी टेकून उभी दिसली तर तिला चल म्हणू नका. तिची पापणी पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!